जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी कां उतरते?



नागपुरांत राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचा एक पाय धरमपेठेंत किंवा महालांत असतो आणि दुसरा काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत. नोकरी-वकिली शहरांत चालते. पण बहाराच्या वेळीं आणि तोडणीच्या हंगामांत मोटार तिकडे वळते. अशा बगीच्यांत टिनाच्या छपराखालीं बहुधा एक जुना लहान ट्रॅक्टर उभा असतो. आजोबांनीं घेतलेला, रंग उडालेला, पण इंजिन अजून शाबूत असलेला. या ट्रॅक्टरविषयीं पावसाच्या तोंडावर सालदाराकडून शहरांतल्या घरीं जो निरोप येतो तो जणूं ठरलेलाच असतो : “सेल्फ घेत नाहीं. बॅटरी बसली. नवी पाठवा.”

नवी बॅटरी जाते. कांहीं महिने, फार तर वर्षभर चालते. मग पुन्हां तोच निरोप. आज मला या निरोपाबद्दलच बोलावयाचें आहे. कारण अशा प्रकरणांत बॅटरी ही पुष्कळदां आरोपी नसून फिर्यादी असते. तिला कोणी तरी उपाशी ठेवलेलें असतें, किंवा रात्रंदिवस कोणी तरी तिचें रक्त शोषीत असतें, किंवा तिला अति खाऊं घालून मारलेलें असतें. हा तिसरा प्रकार आपल्या वैदर्भीय हवेंत विशेष घडतो. या तिहींपैकीं काय झालें हें शोधून काढणें अवघड नाहीं. एक साधा व्होल्टमीटर, एक बारा व्होल्टांचा बल्ब, दोन हात तार आणि तासाभराचा धीर एवढ्या साहित्यावर तें काम होतें. व्होल्टमीटर आतां मल्टिमीटर या नांवानें कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानांत स्वस्तांत मिळतो, आणि तो घरच्या इन्व्हर्टरला व स्कूटरलाही उपयोगी पडतो.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत ‘बी-२७५’ हा एक नामांकित. मूळ घाट इंग्लंडांतील डॉनकास्टरच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कारखान्याचा. महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनीं मिळून १९६३ सालीं ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि त्या घाटाचे ट्रॅक्टर येथें बनूं लागले. पुढें १९७७ सालीं ती कंपनी महिंद्रांत विलीन झाली. नागपूरला तर महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखानाच हिंगण्याच्या रस्त्यावर आहे, त्यामुळें या जातीच्या यंत्रांची जाण असलेली माणसें आपल्या शहराच्या आसपास पुष्कळ आढळतात. अठरा-वीस फुटांवर लावलेल्या संत्र्याच्या ओळींतून आज अरुंद बांध्याचे पंधरा-वीस अश्वशक्तीचे नवे ट्रॅक्टर फिरतात. पण पस्तीस अश्वशक्तीचा तो म्हातारा अजून अनेकांनीं मोडींत काढलेला नाहीं, आणि काढूंही नये असें माझें मत आहे.

त्या पिढीच्या ट्रॅक्टरांवर वीज निर्माण करण्यासाठीं बहुधा लुकास घाटाचा डायनामो असे. मद्रासजवळ पाडी येथें लुकास-टीव्हीएस हा कारखाना १९६१ सालीं स्थापन झाला, आणि पुढें अशीं उपकरणें देशांतच होऊं लागलीं. डायनामो म्हणजे इंजिनाच्या बाजूस बसविलेलें नळकांड्यासारखें यंत्र. इंजिनाचा पट्टा त्याला फिरवितो. त्याच्या मागच्या तोंडाला दोन खुंट्या असतात. मोठीला ‘डी’ म्हणतात, धाकटीला ‘एफ’. मोठींतून वीज बाहेर पडते. धाकटींतून आंतल्या लोहचुंबकाच्या वेटोळ्याला वीज पुरविली जाते. दोन्ही तारा एका लहानशा काळ्या पेटीकडे जातात. आमचे मिस्त्री त्या सबंध पेटीला ‘कटआऊट’ म्हणतात. वस्तुतः तींत दोन कारभारी राहतात. एक, विजेचा दाब वाढूं न देणारा नियंत्रक. दुसरा, डायनामो मंद फिरत असतां बॅटरींतील वीज उलट त्याच्यांत वाहून जाऊं नये म्हणून दार लावून घेणारा खरा कटआऊट. डायनामोचा दाब सुमारें तेरा व्होल्टांपर्यंत चढला कीं हें दार उघडतें आणि बॅटरी भरूं लागते. इंजिन मंदावलें कीं दार लागतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पेट्रोलच्या जुन्या मोटारीला ठिणगीसाठीं सतत वीज लागते. तिचा डायनामो बिघडला तर ती कांहीं तासांत रस्त्यांत उभी राहते आणि बिघाड जाहीर होतो. डिझेलच्या इंजिनाला एकदां सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. डायनामो मेलेला असला तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरील, फवारील, संत्र्याचे क्रेट ओढील. कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. बॅटरी मात्र दर सेल्फला थोडी थोडी रिकामी होत जाईल आणि एका सकाळीं नुसता ‘टक्’ असा आवाज देऊन गप्प बसेल. तोंपर्यंत डायनामो बिघडून कदाचित् महिना झालेला असेल. म्हणून ज्या दिवशीं ट्रॅक्टर बंद पडला त्या दिवसाकडे पाहून निदान करूं नये.

ट्रॅक्टरवरील लाल दिवा याच कामासाठीं ठेवलेला आहे. किल्ली फिरवितांच तो पेटला पाहिजे आणि इंजिनाचा वेग वाढतांच विझला पाहिजे. मंद वेगांत तो मिणमिणला तर घाबरूं नये. डायनामोचा स्वभावच तसा आहे. पण किल्ली फिरविल्यावर तो मुळींच पेटत नसेल, तर “दिवा लागत नाहीं, म्हणजे सर्व ठीक आहे” असें समजणारे जे लोक आहेत त्यांना नमस्कार! तो बल्ब जळालेला आहे, पहारेकरी झोपलेला नाहीं, मेलेला आहे. पन्नास रुपयांच्या आंतला बल्ब न बदलल्यामुळें हजारों रुपयांची बॅटरी जाते असें अनेक बगीच्यांत पाहावयास मिळतें. अँपिअरमीटर असेल त्या ट्रॅक्टरवर याच्या उलट गैरसमज असतो. इंजिन सुरू झाल्यावर कांटा अधिक बाजूस जातो आणि थोड्या वेळानें शून्याजवळ येऊन बसतो. मालक म्हणतो, “चार्जिंग बंद झालें.” बंद झालेलें नसतें. बॅटरीचें पोट भरलेलें असतें. उलट कांटा तासन् तास अधिकाच्या टोकाकडे राहिला तरच चिंता करावी.

आतां तपासणी. आरंभ बॅटरीपासूनच करावयाचा, पण ती बदलण्यासाठीं नव्हे, तिची साक्ष घेण्यासाठीं. हातांतली आंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावें, बिडी-सिगारेट दूर. भरत असलेल्या बॅटरींतून उद्‌जन वायु बाहेर पडतो आणि तो ठिणगीनें भडकतो. झांकणें पुसून वरचा पांढरा-हिरवा चुरा गरम पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुवावा, मात्र तें पाणी आंत जाऊं देऊं नये. टोकें घासून चकचकीत करावीं, घट्ट आवळावीं आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. पुष्कळदां रोगाचें निवारण येथेंच होतें! बॅटरीपासून इंजिनाच्या अंगाला जाणारी जी जाड पट्टी, तिचें दुसरें टोक कोणीच पाहात नाहीं. तेथें गंज आणि वाळलेला चिखल यांच्या थराखालीं अर्धा दाब हरवलेला असतो. सेल्फ मारीत असतां बॅटरीचें अर्थचें टोक आणि इंजिनाचें उघडें लोखंड यांच्यामध्यें व्होल्टमीटर धरावा. पाव व्होल्टापेक्षां अधिक दाखवूं लागला तर ती पट्टी काढून घासावी.

मग रात्रभर स्वस्थ राहिलेल्या बॅटरीचा दाब मोजावा. १२.६ च्या पुढें असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या सुमारास अर्धी. १२ च्या खालीं गेली तर जवळजवळ रिकामी. झांकणें उघडतां येत असतील तर हायड्रोमीटरनें प्रत्येक कप्प्यांतील पाण्याचें विशिष्ट गुरुत्व पाहावें. सहा कप्पे म्हणजे एका पंगतीला बसलेले सहा भाऊ, पांच १.२२० दाखवितात आणि एकच ११५० वर, म्हणजे १.१५० वर, तर तो एक भाऊ आजारी आहे आणि बॅटरी खरोखरच बदलावी लागेल. सहाही सारखेच खालीं असतील तर बॅटरी निर्दोष आहे, उपाशी आहे.

या आकड्यांबाबत एक सूचना. जुन्या लुकास पुस्तिकांत दोन निरनिराळीं कोष्टकें असत. फॅरेनहाइटच्या ९० अंशांखालच्या हवेसाठीं भरलेल्या बॅटरीचें गुरुत्व १.२७० ते १.२९०, त्याहून उष्ण देशांसाठीं १.२१० ते १.२३०. उष्ण हवेंत तीव्र ॲसिड पत्र्यांना लवकर खातें म्हणून तेथें तें मुद्दाम सौम्य भरावयाचें. हायड्रोमीटरवरचा हिरवा पट्टा मात्र पुष्कळदां थंड देशाच्या हिशेबानें आंखलेला असतो. तो पाहून “ॲसिड कमी झालें” म्हणून वरून ॲसिड ओतणारे महाभाग आहेत. त्यांचा हात धरावा. बॅटरींतलें पाणी उडतें, ॲसिड उडत नाहीं. म्हणून भर घालावयाची ती शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याचीच, आणि भरलेल्या बॅटरीचा आंकडा कोणता मानावा हें तिच्या कारखान्यानें दिलेल्या माहितीवरून ठरवावें.

बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली, ट्रॅक्टर सुरू केला. आतां इंजिन मध्यम वेगांत ठेवून पुन्हां बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर धरावा. साडेतेरा ते साडेचौदा दाखवीत असेल तर भरणा नीट चालला आहे. आकडा १२.५ वरच बसून राहिला आणि दिवे लावतांच आणखी घसरला, तर बॅटरीच्या घरांत मिळकत नाहीं. पंधराच्या पुढें चढत असेल तर मिळकत अति आहे. या एका मोजणीनें निम्मा तपास संपतो.

मिळकत नसेल तेव्हां आधीं पट्टा. दोन चाकांच्या मध्यभागीं आंगठ्यानें दाबला असतां तो सुमारें अर्धा इंच लवावा. ढिला पट्टा घसरतो. अति ताणलेला डायनामोच्या मागच्या पितळी बुशीचा घास घेतो. पट्टा ठीक असेल तर डायनामोची स्वतंत्र परीक्षा घ्यावी, आणि ही परीक्षा इतकी सुटसुटीत आहे कीं ती पाहून नवशिक्यालाही हुरूप यावा. डायनामोवरच्या दोन्ही तारा काढाव्या. ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन खुंट्या उघड्या तारेच्या तुकड्यानें एकमेकींस जोडाव्या. व्होल्टमीटरचें एक टोक या जोडाला, दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावें. इंजिन मंद वेगानें सुरू करून हळूहळू वेग वाढवावा. आकडा भराभर, न थरथरतां वर चढला पाहिजे. वीस व्होल्टांपर्यंत जाऊं देऊं नये; तितकें पाहण्याची गरजही नाहीं, कारण आतां नियंत्रक मध्यें नसल्यामुळें डायनामो बेलगाम असतो.

आकडा चढला तर डायनामो जिवंत आहे. दोष पुढें तारांत किंवा पेटींत. आकडा मुळींच हलला नाहीं तर प्रथम कार्बन पाहावे. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचें एक कडें असतें आणि त्यावर कार्बनच्या दोन कांड्या स्प्रिंगच्या जोरानें टेकलेल्या असतात. कांड्या झिजतात, धुळीनें आपल्या खोबणींत अडकतात, किंवा बुशींत कोणी भक्तिभावानें फार तेल घातलें म्हणजे तेलानें माखतात. कडें पेट्रोलच्या फडक्यानें पुसावें. काळें पडलें असल्यास अगदीं बारीक कांचकागद फिरवावा. एमरीचा कागद नको, त्याचे कण तांब्यांत रुतून बसतात. आकडा अर्धा-एक व्होल्टावरच थांबला तर चुंबकाच्या वेटोळ्याचा संशय घ्यावा. सुस्थितींतील वेटोळें ‘एफ’ खुंटी आणि डायनामोचें अंग यांच्यामध्यें सुमारें सहा ओहम विरोध दाखवितें. पांच-सहा व्होल्टांवर अडकला तर आर्मेचरचा. हीं दोन्ही कामें गुंडाळणीचीं आहेत आणि तीं गुंडाळणाऱ्या कारागिराकडेच द्यावीं.

कधीं कधीं डायनामोंत सर्व कांहीं ठीक असूनही तो गप्प असतो. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. डायनामो आपली पहिली वीज कोठून आणतो? त्याच्या लोखंडांत मागच्या दिवसाचें थोडें चुंबकत्व शिल्लक राहिलेलें असतें. तेवढ्या विरजणावर दुसऱ्या दिवशींचें दहीं लागतें. ट्रॅक्टर फार दिवस उभा राहिला, किंवा कोणी बॅटरी उलटी जोडली, तर हें विरजण नासतें. मग डायनामोच्या ‘एफ’ खुंटीवरची तार काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून एक तार आणून त्या खुंटीला क्षणभर, दोन-तीनदां, नुसती टेकवावी. विरजण पुन्हां लागतें. मात्र याआधीं एक पाहून घ्यावें : त्या काळच्या ब्रिटिश घाटाच्या कित्येक यंत्रांत बॅटरीचें धन टोक अंगाला जोडलेलें असे, ऋण नव्हे. आजचा तरुण मिस्त्री संवयीनें ऋण टोक अंगाला लावतो आणि डायनामोची सारी दिशाच उलटते. जुनी पट्टी सोडण्यापूर्वीं ती कोणत्या टोकावर होती याची खूण करून ठेवावी, आणि काढतांना अर्थची पट्टी नेहमीं पहिली, बसवितांना शेवटची.

पेटीविषयीं मी थोडकेंच सांगणार आहे, कारण तेथें हात घालण्याचा मोह आवरणें हेंच मोठें काम आहे. झांकण काढल्यावर दिसणारे स्क्रू मीटरविना फिरविल्यास सुधारण्याऐवजीं बिघडतेंच अधिक. पाहावयाचें तें हें : ‘ई’ खुंटीची अंगाशीं जाणारी तार शाबूत आहे काय, ‘डी’ व ‘एफ’ तारा अदलाबदल झाल्या नाहींत ना, दाराच्या टिकल्या काळ्या पडल्या आहेत काय. लाल दिवा वेग वाढवितांच विझतो आणि आणखी वेग दिला कीं पुन्हां पेटतो असें दिसलें, तर डायनामो काम करीत आहे पण दार उघडत नाहीं असें समजावें. बहुधा ‘ई’ ची तार तुटलेली सांपडते.

येथपर्यंत उपासमारीचा विचार झाला. आतां शोषणाचा, आणि माझ्या समजुतीप्रमाणें बगीच्यांत उभ्या असणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतींत हाच प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे. हिशेब करून पाहूं. सेल्फ दोनशें अँपिअर ओढतो असें धरलें आणि दहा सेकंद चालला, तर खर्च होतो सुमारें अर्धा अँपिअर-तास. डायनामोनें दहा अँपिअर दिले तर हा खर्च चार-पांच मिनिटांत भरून निघतो. तेव्हां सेल्फचा खर्च दिसावयास दांडगा, पण खरा किरकोळ. याच्या उलट एखाद्या ठिकाणीं फक्त एक-दशांश अँपिअर वीज गळत आहे असें धरा. टाचणीएवढा बल्ब मिणमिणावा इतकी. चोवीस तास, तीस दिवस. एकूण ७२ अँपिअर-तास! म्हणजे ट्रॅक्टरची जवळजवळ सबंध बॅटरी, एकदांही किल्ली न फिरवितां.

आणि आमच्या बगीच्यांत ट्रॅक्टर महिना-महिना उभा राहण्याचे दिवस ठरलेले आहेत. मृग बहार धरावयाचा असला म्हणजे मे महिन्यांत झाडांचें पाणी तोडून त्यांना ताण देतात. त्या दिवसांत ट्रॅक्टरलाही फारसें काम नसतें. टिनाखालीं पारा ४५ च्या पुढें. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं बॅटरीची आपोआप उतरण्याची गति स्थूलमानानें दुप्पट होते. त्यांत गळतीची भर. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली म्हणजे तिच्या पत्र्यांवर बसलेलें शिशाचें सल्फेट कठीण होतें आणि मग तें चार्जरलाही दाद देत नाहीं. पहिला पाऊस पडतो, झाडांना नवती फुटते, त्या कोंवळ्या नवतीवर सायला उतरते, दोन सरींच्या मधली उघडीप गांठून फवारणी उरकावयाची असते, आणि नेमका त्याच सकाळीं ट्रॅक्टर ‘टक्’ म्हणतो. बॅटरीची किंमत भरून येते. ती उघडीप पुन्हां मिळत नाहीं.

गळती शोधावयास मीटरही लागत नाहीं. इंजिन बंद, किल्ली काढलेली, सर्व दिवे बंद. बॅटरीच्या अर्थच्या टोकावरची पट्टी काढावी आणि टोक व पट्टी यांच्यामध्यें बारा व्होल्टांचा लहान बल्ब धरावा. बल्ब पेटला नाहीं तर मोठी गळती नाहीं. मंद पेटला तर आहे. लख्ख पेटला तर बहुधा कटआऊटच्या टिकल्या चिकटून दार उघडें राहिलेलें आहे आणि बॅटरी डायनामोंत रिकामी होत आहे. डायनामोला हात लावून पाहावा, उभ्या ट्रॅक्टरवर तो कोंबट लागतो. मग एकेक तार सोडीत जावें. जी सोडतांच बल्ब विझेल ती चोर. उंदराने किंवा खारीनें कुरतडलेली तार, बॉनेटच्या कडेवर घासून उघडी पडलेली तार, अलीकडे मोबाईल चार्ज करण्यासाठीं किंवा गाणीं ऐकण्यासाठीं सालदारानें थेट बॅटरीवरून घेतलेली जोडणी, हे नेहमींचे संशयित. बल्ब अजिबात पेटत नाहीं, तरी बॅटरी उतरते, अशा वेळीं मात्र मल्टिमीटर अँपिअरवर लावून बारीक गळती मोजावी.

तिसरा प्रकार अतिभोजनाचा. बॅटरी भरतांना लागणारा दाब हवामानावर अवलंबून असतो. उन्हाळ्यांत तो कमी हवा. बारा व्होल्टांच्या बॅटरीला दर सेल्सिअस अंशास सुमारें दोन-शतांश व्होल्ट असा हिशेब धरला तर वीस अंशांच्या हवेसाठीं जुळविलेला नियंत्रक नागपुरच्या ४५ अंशांत सुमारें अर्ध्या व्होल्टानें जास्त पडतो. जुन्या पेटींत उष्णतेप्रमाणें दाब थोडा उतरविण्याची सोय होती खरी, पण पेटी असते एका जागीं आणि बॅटरी इंजिनाच्या उष्णतेजवळ दुसऱ्या जागीं. ओळखण्याची खूण सोपी. दर पंधरवड्यास पाणी घालावें लागत असेल, झांकणांवर ओल असेल, ॲसिडचा दर्प येत असेल, तर नियंत्रकाचा दाब जाणकाराकडून उतरवून घ्यावा. पाणी कमी होऊन पत्रे उघडे पडले कीं तेवढा भाग कायमचा गेला.

या सर्व तपासांत एक युक्ति मात्र कोणी करूं नये. इंजिन चालू असतां बॅटरीची पट्टी काढावयाची आणि दिवे लागतात कीं नाहीं यावरून डायनामो तपासावयाचा, ही रीत रस्त्यावरच्या दुकानांतून अजून चालते. डायनामोवर तिनें निदान बल्ब तरी जळतात. अल्टरनेटर असेल तर त्यांतील डायोड क्षणांत जातात. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांवर आतां डायनामोच्या जागीं अल्टरनेटर बसविलेला असतो. तो मंद वेगांतही वीज देतो, म्हणून ओळींतून हळूहळू क्रेट ओढण्याच्या कामाला चांगलाच. मात्र पुष्कळ अल्टरनेटरांना पहिली वीज लाल दिव्याच्या बल्बांतून मिळते. तेथें बल्ब जळाला कीं सूचनाही गेली आणि भरणाही गेला. बदल करावयाचा असल्यास करावा, परंतु प्रथम जुन्या डायनामोचा दोष शोधावा. गळणारी तार तशीच ठेवून अल्टरनेटर बसविला तर बॅटरी पूर्वींप्रमाणेंच उतरत राहील.

आणखी एका गोष्टीविषयीं मला अधिक गंभीरपणें बोलावयाचें आहे. बॅटरी कमजोर झाली म्हणजे किल्लीनें सेल्फ घेत नाहीं. मग माणूस ट्रॅक्टरशेजारीं जमिनीवर उभा राहून, मागच्या मोठ्या चाकासमोर वांकून, सेल्फच्या दोन खुंट्या पान्यानें किंवा स्क्रूड्रायव्हरनें जोडतो. सेल्फ फिरतो, इंजिन धडाडतें, आणि ट्रॅक्टर गिअरमध्यें राहिलेला असला तर तो त्याच क्षणीं पुढें सरकतो. समोर माणूस असतो. डिझेलला ठिणगी लागत नसल्यामुळें किल्ली बंद असतांही इंजिन पेट घेऊं शकतें. या रीतीनें जीव गेलेले आहेत, येथेंही आणि परदेशांतही, म्हणून नव्या ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर सोडल्याशिवाय सेल्फ फिरूं नये अशी योजना असते. पान्यानें खुंट्या जोडल्या कीं ती योजनाही निष्फळ होते. शहरांतल्या मालकानें सालदाराला “कसा तरी चालू करून घे” असा निरोप धाडतांना हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. ट्रॅक्टर सुरू करावयाचा तो आसनावर बसूनच, गिअर सोडून, ब्रेक लावून. दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावण्याची वेळ आली तरी हाच क्रम, आणि शेवटची अर्थची तार बॅटरीच्या टोकाला न लावतां दूरच्या लोखंडाला लावावी, म्हणजे ठिणगी बॅटरीवर पडत नाहीं.

ताणाच्या महिन्यांत ट्रॅक्टर उभा ठेवावयाचा असेल तर बॅटरी काढून घरांत आणावी, पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यांतून एकदां कमी अँपिअरवर पुन्हां भरावी. काढणें होत नसेल तर निदान अर्थची पट्टी सोडून ठेवावी. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते अशी एक समजूत आहे. जुन्या काळीं पेट्या लाकडाच्या व कठीण रबराच्या असत, ओलीनें त्यांच्या अंगावरून वीज झिरपे, तेव्हांची ती आठवण असावी. हल्लीं प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीनें कांहीं होत नाहीं. खालीं फळी ठेवावी वाटल्यास खुशाल ठेवावी. पण जागा सावलीची व वारा खेळता असलेली पाहावी, आणि पेटीवर खडूनें भरल्याची तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळीं बगीच्यांत जाणाराला ती विचारावी लागणार नाहीं.